परमिट

विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर
मी इस्लामपूर काढलं, एक ठिपका,
आणि हायवे काढलाच नाही.
शालन म्हणाली, नद्या तरी दावा.
मग वारणा काढली, तिच्या वर मोरणा,
कोयना मावेना, ती मार्चच्या बिलावर गेली.

गणपती उठले की निघायचं.
चौतीस वर्षं ह्याच रस्त्यांवर घातली,
आधी सायकल, मग ही सीडी हंड्रेड,
पण दिवसा कोण बोलावतंय लाईनमनला?
फीडर गेला की फोन यायचा,
अर्ध्या भाकरीवरनं उठायचो.
शेडगेवाडीचा चढ मी गिअरवरनं ओळखतो,
गुढे पाचगणीचं पठार
कानाखाली बसणाऱ्या वाऱ्यावरनं.
फुलं असतात म्हणे तिथं.
असतील. माझ्या बॅटरीच्या गोलात
चिनीमातीचे इन्सुलेटर यायचे,
एकदा उदमांजर.

पहिला मुक्काम ढेबेवाडी,
शिवणक्लासातली कालिंदी आहे तिथं,
सत्तावीस वर्षं 'या की एकदा' म्हणतेय.
मग पाटण, सडावाघापूर, चाळकेवाडी.
पवनचक्क्या खालून बघायच्या,
कुठलं पातं बंद आहे ते मोजायचं नाही,
ही शालनची अट.
ठोसेघर, कास, बामणोली,
आणि तिथं गाडी बार्जवर चढवून पलीकडं तापोळा.
"गाडी बोटीत? आन् मी?"
"तू पण."
"बघा हं," म्हणाली,
पण बोट पाण्यावरनं तीनदा फिरवलं.

दस्तगीर मिस्त्रीनं चेन बदलली, क्लचप्लेट बदलली,
हेडलाईटला हात लावला तेव्हा मीच म्हटलं, राहू दे,
रात्रीचं कुठं जायचंय आता.
"गाडी जाईल काका," तो म्हणाला,
"कंबरेचं स्पेअर मिळत नाही, तेवढं बघा."
तासाला एकदा उतरायचं मग.
साडीवर बसायचं नाही;
पंजाबी ड्रेस तिनंच बेतलाय, दोन्ही बाजूंना खिसे,
पन्नाशीनंतरचे पहिले खिसे,
येता-जाता हात घालून बघते.

काल रात्री बिलावर वाकून म्हणाली,
"हितं ह्यो फेरा कशापायी?
कोकरूड सोडलं की सरळ आंब्याचा माळ.
तुम्ही डोंगराला वळसा घातलाय."
रस्ता खराब आहे, मी म्हटलं.
"डांबर पडून दोन वर्षं झाली."
मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.
टोक होतं.

आंब्याच्या माळाला अकरा केव्हीचा पोल आहे,
नंबर बत्तीस.
त्यावर गुंडू कुंभार चढला होता,
खिशात बायकोनं दिलेली सुपारी.
परमिट मी घेतलं होतं. फोनवर, तोंडी.
सबस्टेशनला पाळी बदलली
आणि वहीत काही नव्हतं.
चौकशीत मला सोडलं.
त्या रात्रीपासून त्या माळावरचा फॉल्ट
कायम दुसऱ्या कुणाच्या तरी ड्युटीत आला,
आला नसला तर मी आणवला.

हे सगळं तिला माहीत होतं.
किती, ते मला माहीत नव्हतं.
तिनं पेन्सिल घेतली,
कोकरूडपासून माळावरनं सरळ रेघ ओढली,
जरा वाकडी, शिवणीच्या खुणेसारखी.
"पोल कुठल्या अंगाला?"
"डाव्या."
"मग गाडी डाव्या अंगाला लावायची.
थर्मास माझ्याकडं असंल."

घड्याळाचा आवाज येत होता.
ट्रान्सफॉर्मरचाही, गल्लीच्या तोंडाचा,
तो मला झोपेतही येतो.
"आता तोंडी नगं," ती म्हणाली. "लिवा."
मी लिहिलं:
सकाळी साडेनऊ. पोल बत्तीस.
थांबा, दहा मिनिटं.
"वीस करा," शालन म्हणाली,
आणि खिशाला बटण लावायला बसली.