दोन्ही हात डावे

पवननगरच्या भाजीबाजाराला वळसा घालून
'कोणतीही वस्तू ४९'च्या शटरपाशी
मी स्कूटर लावतो, पगार झाला की, दर महिन्याला.
मोईन तांबोळी गाळण्या, क्लिपा, डब्यांची झाकणं बाजूला सारतो
आणि काउंटरखाली वाकून म्हणतो,
"साहेब, तुमची माणसं आलीत."

माणसं म्हणजे वीतभर.
चंदेरी रंग, नखाने निघणारा.
छातीवर स्टिकर, त्यात डायल, काटे, बटणं,
सगळी छापलेली, एकही दाबता न येणारं.
खोक्यावर रोबोट लिहायच्या ऐवजी कुणीतरी
रोबर्ट लिहिलंय, लालभडक अक्षरांत,
तेव्हापासून आमच्याकडे ते सगळे रोबर्टच.
"आणखी एक रोबर्ट?" शैलजा विचारते,
भेंडी चिरता चिरता, वर न बघता.
शोकेसमधला डिनर सेट
कधीच पलंगाखाली गेलाय.

अंबडला कंपनीत मी दिवसभर नाही म्हणतो.
तेच माझं काम.
दोन शतांश मिलिमीटर जास्त, नाही.
भोकाच्या कडेला बर, नाही.
लाल बिनमध्ये पीस पडतो, टण्ण,
पलीकडच्या मशीनवरचा पोरगा मान खाली घालतो.
सत्तावीस वर्षं.
व्हर्नियर खिशात असतो, लग्नाला गेलो तरी.

आणि इथे शोकेसमध्ये
एकाचा डोळा गालावर उतरलाय.
एक फक्त मागे चालतो.
एक, सेल घातला की,
टेम्पो रिव्हर्स घेताना वाजते ती धून वाजवतो
आणि जागचा हलत नाही.
आणि एक, ज्याला मी रोज पुसतो,
त्याला दोन्ही हात डावे.

कुठल्या तरी दूरच्या शेडमध्ये, पाळी सुटता सुटता,
समोरच्या ढिगातून कुणीतरी हात उचलला
आणि बसवला. खटकन बसलाही.
मग पट्ट्यावरून सरकत तो पुढे गेला,
तिथे माझ्यासारखा कुणीतरी बसला असेल,
त्याने बघितला, आणि
हो म्हटलं.
त्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

मागच्या वर्षी वेल्डिंगला खराखुरा आला.
नारिंगी. नुसता हात, खांद्यापासून पुढचा,
जाळीच्या पिंजऱ्यात.
दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला,
हारासकट सुरू होऊ नये म्हणून
मेन स्विच बंद ठेवला होता.
त्या जागेवर आधी पगार असायचा.
कळवणचा. आडनावच पगार.
"पगार गेला," शिफ्टला कुणीतरी बोललं
आणि आम्ही हसलो,
इतकी वर्षं त्या आडनावावर हसायची सवय.
मग डबे उघडले.
कुणाची तरी मेथी होती, वास आठवतो.

परवा घरी आला होता तो.
चहा निवेपर्यंत शोकेसकडे बघत बसला.
मग उठून नेमका तोच उचलला,
उलटा केला, अंगठ्याने जोड चाचपला.
"मोल्डिंग बरंय. केवढ्याला?"
"एकोणपन्नास."
"आणि आपला तो?"
"साठ लाख म्हणतात."
पगारने जरा विचार केला.
"याला दोन हात तरी आहेत."

सेल घातला.
रोबर्ट टीपॉयवर खरखरत निघाला,
बशीला धडकला, वळला, कडेकडे गेला.
पगारने कडेला तळहात आडवा धरला,
ठिणग्यांचे बारीक काळे ठिपके असलेला.
धडकला, वळला, दुसऱ्या कडेला गेला.
तिथेही तळहात.
असं बराच वेळ.
शैलजाने लाइट लावला तरी.

"एक नेऊ का? नातवाला."

पगारला नातू नाही.
मी खोकं शोधायला आत गेलो.