पापणीचा केस

ब्र्नोच्या जुन्या इस्पितळाखाली तळघर आहे.
तिथे सहाशे बारा चेहरे, हात, पाठी, एक जीभ,
सगळं मेणाचं, काळ्या लाकडी पाट्यांवर बसवलेलं,
भोवती पांढऱ्या कापडाची चुणीदार कड,
जणू प्रत्येक जण पांघरुणातून डोकावतोय.

पाटीवर रोगाचं लॅटिन नाव. साल. क्रमांक.
खाली डॉक्टरांची सही, साचेकाराची सही.
ज्याचा चेहरा, त्याचंच नाव नाही.

द्रहोमीरा वाशाट्कोव्हा पहिल्यांदा आली
ती डॉक्टरांवर पुस्तक लिहायला.
लिहिलंही. चांगलं जाडजूड.
प्रागला तिचा सत्कार झाला, फुलं मिळाली,
ती तिनं ट्रॅममध्येच कुणाला तरी देऊन टाकली.

मग एका नोव्हेंबरात
दोनशे सात क्रमांकाच्या गालाशी ती भिंग घेऊन वाकली
आणि वाकलेलीच राहिली.
मी शिडीवर होतो, बल्ब बदलत.
म्हणाली, खाली ये.
पापणीचा केस आहे. खरा.

प्लास्टर काढताना उपटून आलेला,
साच्यातून मेणात उतरलेला,
अठ्ठ्याहत्तर वर्षं तसाच, किंचित तांबूस.
डोळे मिटून पडली असेल, ती म्हणाली,
नाकपुड्यांत गवताच्या काड्या, श्वासापुरत्या,
आणि कोणीतरी वरून सांगत असेल, हलू नकोस.
त्या दिवशी आम्ही डबे न उघडताच घरी गेलो.

दाखल झालेल्यांच्या नोंदवह्या युद्धात जळल्या होत्या.
उरली होती धोबीखात्याची वही. आणि मुदपाकखान्याची.
बाई मळक्या चादरी वाचायला लागली.
पलंग चौदा, सदरे दोन, मलमाचे डाग निघाले नाहीत.
पलंग चौदा, अर्धा लिटर जादा दूध.
पलंग चौदा, दूध बंद.
तीन हिवाळे गेले या एका पलंगावर,
तेव्हा कुठे नाव हाती लागलं:
अपोलेना कोउट्ना, लोकरीच्या गिरणीत विणकर, वय बावीस.

ते तिनं पेन्सिलीनं लिहिलं, सुतळीनं बांधलं.
शाई का नाही, मी विचारलं.
शाईला स्वतःबद्दल फार खात्री असते, म्हणाली.

एका परिषदेत कुणी प्राध्यापक उठून बोलले,
बाई, हा इतिहास नाही, ही नुसती बारशी आहेत.
ते वाक्य तिनं खोलीच्या दारावर चिकटवलं.
तिच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अडीचशे प्रती खपल्या.
त्यात डॉक्टरांची नावं तळटिपांत होती,
अगदी बारीक टायपात. तेवढा खोडकरपणा तिच्यात होता.

निवृत्तीनंतर तिच्याच गालावर, डाव्या डोळ्याखाली,
मसुरीएवढं काहीतरी उगवलं.
मी सोबत गेलो होतो. तरुण डॉक्टर, नम्र,
मोबाइलनं फोटो काढला, संमतीचा कागद पुढे केला.
काळजी नको, तो म्हणाला, विद्यार्थ्यांना दाखवताना
डोळ्यांवर काळी पट्टी टाकतो, नाव कुठेच येत नाही.

ती इतकी हसली की नर्स आत आली.
मग त्याच्याच पेननं, शाईनं,
कागदावर आडवं, ठळक नाव लिहिलं, जन्मगावासकट,
आणि म्हणाली, पट्टी टाकलीस तर
मी मेल्यावरही तुला पत्र पाठवीन.

पत्र काही आलं नाही. म्हणजे त्यानं ऐकलं असावं.
की नाही, कोण जाणे; मी विचारायला गेलो नाही.

माझ्याकडे आता चाव्या आहेत, तिची भिंग आहे,
आणि एकेचाळीस बिननावाचे.
अठ्ठ्याऐंशी क्रमांक, मुलगा, आठ-नऊ वर्षांचा,
ओठाशी फोड, कपाळावर आठी,
कंटाळलेला, किंवा रडू दाबलेलं.
दुधाच्या वहीत तो नाही, चादरींत नाही.

यंदा जुलैत उकाडा तळघरात उतरला.
पंखा लावला, खिडकीला ओलं गोणपाट बांधलं,
तरी संध्याकाळी पाहिलं तर
त्याचं नाक चमकत होतं.
घाम नाही तो, मला ठाऊक आहे.
तरी खिशातला रुमाल काढला,
हळूच टिपलं,
आणि तोंडून निघून गेलं: हलू नकोस, बाळा.
मग उशिरापर्यंत दिवा लावून बसलो,
पहिल्या पानापासून,
सदरे, लहान मापाचे.