भाराभर चिंध्या

आठवडाभर साइमी सतरंज्या मोजते आहे
कुओपियोला, तळ्याकाठच्या घाटावर.
घाट म्हणजे आठ लाकडी टाक्या,
हातानं फिरवायचा पिळणीचा रूळ
आणि वाळत घालायला लांबच लांब कठडे.
पुढच्या उन्हाळ्यात बंद करायचं म्हणतात.
का, आणि कुणाचं अडेल,
हा तिचा प्रकल्प. पंधरा पानं, ऑगस्टअखेर.

अर्थशास्त्राच्या बाईंना पाण्याचा हिशेब हवा.
भूगोलवाले विचारतात, कोण किती लांबून येतं.
मानववंशशास्त्राचे कोस्किमाकी सर
नुसतं म्हणाले, बसून राहा.
तिघांच्याही तासाला ती बाहेरचीच,
आधीची दोन पुस्तकं न वाचता आलेली.

वडील ट्रक चालवतात. फोनवर म्हणाले,
सुतार होता येतं, नर्स होता येतं,
तू नेमकी काय होणार?
तिनं विषयाचं नाव सांगितलं. ते लांबलचक आहे,
संपेपर्यंत त्यांची रेंज गेली.
आल्यावर म्हणाले,
म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.
ती हसली.
फोन ठेवल्यावर हसली नाही.

गुरुवारी तिसऱ्या टाकीपाशी हिल्काबाई.
वय एक्याऐंशी. अंतर चार किलोमीटर,
सायकलला जोडलेल्या गाड्यातून.
सतरंजी एक, साडेतीन मीटर, चिंध्यांची.
"ही पट्टी नवऱ्याचा शर्ट.
हे शेजारणीचे पडदे,
ती गेल्यावर कुणी न्यायला आलं नाही.
ही निळी कुठली, आठवत नाही."
आठवत नाही, याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं.

घाट बंद झाला तर?
साइमीनं प्रश्न क्रमांक सहा वाचून दाखवला.
"ते फळकूट ठेव खाली," हिल्काबाई म्हणाल्या,
"दुसरं टोक धर."

ओली सतरंजी एवढी जड असते
हे कुठल्याच तासाला कुणी सांगितलं नव्हतं.
एकानं रुळात सरकवायची, एकानं दांडा फिरवायचा.
मनगट भरून आलं तेव्हा लक्षात आलं,
एकट्याचं हे कामच नाही.
आणि वहीत सत्तावीस नावं,
सत्तावीसच्या सत्तावीस एकटी आलेली.
मग रोज कोण कुणाचं टोक धरतं?
हे तिनं विचारलंच नव्हतं.

रात्रीचे दहा, उजेड अजून तसाच.
बोटांना पाइनच्या साबणाचा वास.
पहिल्यापासून पुन्हा विचारायचं आलं,
आणि ते कुठल्या खात्यात बसेल, देव जाणे.
कठड्यावरची निळी पट्टी
अजून ठिबकत होती.