बाहेरील इसम, एक

गुंजीच्या पुढं, लोंढ्याच्या अंगाला
कंपनीची दोन खोल्यांची चाळ होती, म्हणे.
आता तिथं करवंदीची जाळी
आणि दुसऱ्या मार्गासाठी ओतलेली खडी.

माझा पणजा तोपाण्णा त्या चाळीत राहायचा.
खानापूरच्या कुंभारगल्लीतला.
मोऱ्यांच्या कमानींना विटा लागल्या, तेव्हा
मुकादमानं त्याला भट्टीवरनंच उचलला.
बापानं तीन वर्षं तोंड पाहिलं नाही.
‘चाक सोडून चाकरी धरलास’ एवढा निरोप,
आणि दर संक्रांतीला न चुकता
पाच सुगडी, पेंढ्यात गुंडाळून.

रोज तीन मैल जायचं, तीन मैल यायचं.
खांद्यावर हातोडा, कमरेला पाना,
सैल झालेली चावी दिसली की ठोकायची.
गँगमधली मोजणी कन्नडात,
शिव्या मराठीत,
सलाम इंग्रजीत.
हजेरीच्या वहीत त्याचं नाव टोबाना.
त्यानं ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही;
पगार टोबानाचा होता.

पणजी निंगुबाई. तीही कुंभाराचीच लेक.
बाजारात मडकं घेताना डोळे मिटायची,
बोटाची एक टिचकी, मग कान.
हे बोलतंय. हे मुकं आहे, ठेव खाली.
नवरा ठोकत ठोकत लांब जायचा
आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची
कुठल्या रुळाचा कुठला आवाज.
चार लेकरं. एक हिवतापानं नेलं.
त्यानं क्विनीन थुंकलं होतं, कडू म्हणून,
एवढं ती सांगायची.
पुढचं नाही.

पौषातली रात्र. तोपाण्णाला हुडहुडी,
अंगावर घरातलं सगळं, पोतं धरून.
पहाटेची मेल यायची होती.
‘कुठं जाऊलालीस गे?’
‘तुझी चाल चालून येतो.’
(आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो.)

धुकं एवढं, की हातोड्याचं टोक दिसेना.
टण.
टण.
टण.
आणि एका ठिकाणी फद्.
ती खाली बसली. पुन्हा टिचकी, नखानं.
थंडीनं तडकला होता,
केसाएवढा, पण आरपार.

कंदिलाची लाल काच दिवाळीतच फुटलेली.
अर्ज वर गेला होता, अर्ज वरच होता.
तिनं रुळाकडेची माती घेतली, आपलीच तांबडी,
थुंकीत कालवली
आणि साध्या काचेला बोटानं सारवली,
सुगडाला काव देतात तशी, पातळ.

इंजिन बावीस पावलांवर थांबलं.
मोजली होती तिनं, नंतर, परत जाताना.

कागद माझ्याकडं आहे, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
चावीवाला टोबाना: बक्षीस रुपये पाच.
त्याखाली, त्याच शाईत:
बाहेरील इसम, एक, लाईनीवर आढळल्याबद्दल
त्याच चावीवाल्यास दंड रुपया एक.

उरलेल्या चारांचं काय झालं?
आत्या म्हणते नथ. बाबा म्हणायचे बकरी.
दोन्ही आता घरात नाहीत, कोण खरं ठरवणार.

निंगुबाईला कुणी त्या रात्रीचं विचारलं
तर ती रुळाचं सांगायची नाही, साहेबाचंही नाही.
सांगायची त्या माणसाचं,
ज्यानं डब्याची खिडकी वर करून
झोपेतच विचारलं होतं, ‘याव ऊरु?’
आणि तिनं, कंदील तसाच धरून,
हातातली थरथर बोलण्यात येऊ न देता
सांगितलं होतं,
‘गाव यायचंय अजून. झोपा.’