वीट

लक्ष्मीपुरीत इर्शाद बागवानच्या दुकानात
जुने राउटर किलोवर मिळतात.
मी एक उचलला, वजन न करता, दीडशेला.
दोन अँटेना, त्यातली एक मोडकी,
पाठीवर कुणाच्या तरी घरचा पासवर्ड
बॉलपेननं लिहिलेला, अर्धा पुसलेला.
इर्शाद म्हणाला, "ताई, कंपनीनं सोडलंय त्याला.
आठ वर्षं झाली, नवीन काय आलंच नाही."

आमच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाबरोबर पुस्तक यायचं.
पानभर सुटे पसरलेले भाग, प्रत्येकाला नंबर,
आणि दादा ग्रीसच्या बोटानं
त्यावर स्वतःचा नंबर टाकायचे.
ह्या डबीला पुस्तक नव्हतं.
स्क्रूसुद्धा रबरी पायांखाली लपवलेले.

रात्री भांडी आवरून
नवं फर्मवेअर चढवायला बसले.
उघड्यावरचं, फुकटचं.
कुणीही वाचावं, खोडावं,
दुरुस्त करून परत ठेवावं, असलं.
पट्टी चाळीस टक्क्यांवर गेली
आणि वायरीला पाय लागला. माझाच पाय.
दिवे गेले. सगळे.

ह्याला राउटरची वीट होणं म्हणतात.
मेला म्हणावं तर गरम लागतोय,
जिवंत म्हणावं तर ओळख देत नाही.
दोन वाजेपर्यंत ती वीट मांडीवर घेऊन
मला तिचा वीट आला.

दादा पाणी प्यायला उठले.
वय एक्क्याऐंशी,
उजव्या तर्जनीचं एक पेर लेथनं ठेवून घेतलेलं.
"काय करालीस गं?"
"बंद पडलंय."
"हँडल मारून बघितलीस काय?"
हसू आलं. मग आठवलं, हँडल आहे की!
रिसेटचं बटण दाबून धरायचं,
तसंच धरून वीज सोडायची, दहा मोजायचे.
टाचणी दादांनी धरली.
उरलेल्या बोटांत ती तसूभर हलली नाही.
ते मोठ्यानं मोजत होते,
सहाला खोकले, परत सहापासून.
आठाला हिरवा दिवा लुकलुकला,
भरभर, घाबरल्यासारखा.

तीनच्या सुमाराला पडद्यावर घराची यादी आली:
माझा फोन, वहिनीचा फोन, टीव्ही.
टीव्ही बंद होता.
तरी दर चार मिनिटांनी कुठंतरी बोलत होता.
"कुणाला सांगालाय?" दादांनी पाठ वळवून
त्या काळ्या काचेकडं बघितलं.
"आणि आपल्यात सांगण्यासारखं हाय काय?"
मी एक ओळ लिहिली. टीव्ही गप्प झाला.
वहिनीची मालिका लागते का, ते मात्र बघायचं राहिलं.

"हे लिहिलं कुणी?"
मी नावं दाखवली. काही वाचताच येईनात,
काही नुसती टोपणनावं,
एकाचं तर फक्त एक अक्षर.
मधेच एका ओळीच्या डोक्यावर शेरा होता,
तो मराठीत करून सांगितला:
हे का चालतं ठाऊक नाही. बदलू नका.

दादा आवाज न करता हसले, खांदे हलवत.
म्हणाले, चौऱ्याहत्तर साली, चौगुल्यांच्या शॉपात
एका लेथच्या बुडाखाली पत्र्याचा तुकडा होता.
कुणी सारला, माहीत नाही.
काढला की जॉब वाकडा,
घातला की सुतात.
"त्यो माणूस कधी बघितला नाही आम्ही.
पण झाडताना झाडू
त्या पत्र्याला लागू दिला नाही."

पुढं आणखी काही सांगणार होते,
पण मालक आठवला आणि शिवी देऊन झोपायला गेले.

सकाळी दूध घेऊन आले तर
राउटर फळीवर, कापडाच्या चिंध्यांनी पुसलेला,
मोडकी अँटेना सुतळीनं बांधून उभी केलेली.
काळ्या पाठीवर पांढऱ्या खडूनं,
शॉपात लिहायचे तसं:
चालू आहे. हात लावू नये.

पुसताना त्यांनी
त्या अनोळखी घरचा अर्धा पासवर्ड
तेवढा तसाच ठेवला होता.