किती लांब

सियागंजात जिऱ्याच्या पोत्यावर बसून
तासभर नुसतं पाहिलं.
तोंड उघडायचं नाही, असं स्वतःला बजावून.

माझ्या फोनवर पारसमलजींचा अंगठा
‘जतन’ शोधत
तीनदा ‘रद्द’वर पडला.
तीनदा बिल पुसलं गेलं.
मग त्यांनी गल्ल्याखालची लाल वही ओढली
आणि वर माझीच माफी मागितली :
"अपने से ही नी बनता, बेटा."

रात्री चौघं पडद्यावर.
हुबळीत कुकरची शिट्टी,
जोरहाटचा आवाज तुटत तुटत.
म्हटलं, या महिन्यात नवीन काही नको.
ती दोन बटणं लांब करा.

"किती लांब?" सुलभेनं विचारलं.

पिक्सेल आठवेनात.
फोनच कॅमेऱ्यापुढे धरला.
काचेवर हळदीचा ठसा,
दोन्ही बटणं झाकून उरलेला.