प्ले

डावीकडचे ट्रे जास्त फुटायला लागले
तेव्हा संशय आला.
अंडी आधी बोलली, गाडी नंतर.

चुनाभट्टीच्या गतिरोधकावर टक.
कुर्ल्याच्या वळणावर टक टक,
कुणी आतून कडी वाजवावी तसं,
आणि मी रेडिओ मोठा करत राहिलो.
बावीस वर्षांची ओम्नी,
सतराशे साठ आवाज, कुठला कुठला ऐकायचा.

तय्यब मिस्त्रीनं जॅक लावला,
चाक वर-खाली धरून हलवलं,
पोराचा दुधाचा दात हलवून बघतात तसं.
"प्ले आलाय. जुना आहे."
प्ले म्हणजे खेळच ना, मी म्हटलं.
तो हसला नाही.

टामी, हातोडी, दोन शिव्या,
आणि बॉल जॉइंट माझ्या तळहातावर.
रबर फाटलेलं. ग्रीसच्या जागी
तांबडा चिखल.
आवळ्याएवढा गोळा, खोबणीत कसाही फिरतो,
कुणाचंच ऐकत नाही.
"हा पुलावर सुटला असता ना,"
तय्यब म्हणाला, आणि पुढचं
पान्याला सांगितल्यासारखं पुटपुटला.

नवा हातानं हलेना.
खराब तर नाही? विचारलं.
"असाच हवा."
त्यानं ग्रीस चोपडलं, नट आवळला,
पिन घालून तिची टोकं दुमडली,
आणि बोटं माझ्याच फडक्याला पुसली.

पहाटे साडेचार. तीस-तीसचे ट्रे, छतापर्यंत.
रेडिओ बंद.
गतिरोधक आला, मी श्वास धरला.
काही नाही.
इतकं काही नाही, की
पहिल्यांदाच
उजवीकडचं ऐकू आलं.